बेस मॉडेलला टॉपचं स्टिअरिंग : बटणं चालतील, पण एअरबॅग उघडेल का?

तीस सेकंदांची रील. आधी गाडीचं साधं, काळं, एकही बटण नसलेलं स्टिअरिंग दिसतं. मग एक फिटर ते खेचून बाहेर काढतो. पुढच्या कटमध्ये लेदरचं, लाल शिलाईचं, खालून सपाट असलेलं नवं स्टिअरिंग बसलेलं असतं. अंगठ्याने बटण दाबलं जातं, गाण्याचा आवाज वाढतो. खाली कमेंट्सची रांग : 'भाऊ, प्राइस?'

'बेस टू टॉप' नावाने अशा रील तुमच्याही फीडवर आल्या असतील. गाडीचं कमी किमतीचं मॉडेल घ्यायचं आणि वरच्या मॉडेलमधल्या सोयी बाहेरून बसवून घ्यायच्या, असा हा हिशोब. स्टिअरिंग बदलणं हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय प्रकार, कारण ते रोज हातात असतं.

अडचण एकच आहे. बटण चालतंय की नाही हे दुकानात लगेच तपासता येतं. हॉर्नही वाजवून बघता येतो. पण त्याच स्टिअरिंगच्या मध्यभागी बसलेली एअरबॅग चालते की नाही, हे फक्त अपघातात कळतं. म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

लोक स्टिअरिंग का बदलतात?

याला नुसती हौस म्हणून सोडून देता येणार नाही. एकाच गाडीच्या बेस आणि टॉप मॉडेलच्या किमतीत लाखांचा फरक असतो. पहिली गाडी घेणाऱ्या कुटुंबाला तो झेपत नाही. मग गाडी आधी येते आणि सोयी हळूहळू बसवल्या जातात.

शिवाय स्टिअरिंगवरची बटणं खरंच कामाची आहेत. आवाज कमी करायला किंवा फोन घ्यायला हात स्क्रीनपर्यंत न्यावा लागत नाही आणि नजर रस्त्यावर राहते. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासून याच दिशेने नियम बदलले आहेत. इंडिकेटर, हॅझर्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीचं बटण हे सगळं स्क्रीनमध्ये न लपवता हाताला जाणवेल असं ठेवलं, तरच कंपनीला त्याचे पूर्ण गुण मिळतात.

म्हणजे बटणं हवीशी वाटण्यात चूक काहीच नाही. ती मिळवताना काय गमावतो, हे मात्र बघायला हवं.

स्टिअरिंगच्या आत असतं तरी काय?

जुन्या गाड्यांमध्ये स्टिअरिंग म्हणजे एक गोल, मध्ये हॉर्नचं बटण आणि खाली एक नट. त्या गाडीला बाहेरचं स्पोर्ट्स स्टिअरिंग लावणं सोपं होतं. आज त्याच जागी चार-पाच वेगवेगळ्या यंत्रणा एकत्र आलेल्या असतात.

पहिली अर्थातच एअरबॅग. हॉर्नच्या पॅडखाली घडी घातलेली पिशवी आणि ती फुगवणारं रसायन भरलेला धातूचा डबा असतो. समोरून जोरात धडक बसली की सेन्सर ते ओळखतो, डब्यातलं रसायन पेटतं आणि पिशवी फुगते. हे सगळं साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात होतं. डोळ्याची पापणी लवायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसरी क्लॉक स्प्रिंग. नाव स्प्रिंगचं असलं तरी ही प्लॅस्टिकच्या गोल डबीत गुंडाळलेली चपटी केबल असते. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना अनेक वेळा फिरतं, मग त्यातल्या वायरी पिळून तुटत का नाहीत? कारण ही केबल आतल्या आत सैल होते आणि घट्ट होते. एअरबॅग, हॉर्न आणि बटणं या सगळ्यांचे सिग्नल तिच्यातूनच जातात. बेस मॉडेलमध्ये अनेकदा फक्त एअरबॅग आणि हॉर्नपुरत्याच वायरी असलेली केबल दिलेली असते. म्हणून नुसतं स्टिअरिंग बदलून बटणं चालत नाहीत, ही केबलही बदलावी लागते.

तिसरी गोष्ट स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर. गाडी घसरू लागली तर तिला सावरणाऱ्या यंत्रणेला हा सेन्सर सांगतो की ड्रायव्हरला कुठे वळायचं आहे. काही गाड्यांमध्ये तो क्लॉक स्प्रिंगलाच जोडलेला असतो. जोडणी करताना मध्य चुकला तर गाडी सरळ चालली असतानाही यंत्रणेला ती वळतेय असं वाटू शकतं.

आणि एक छोटी गोष्ट, जी कोणाच्या लक्षात येत नाही. वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होतो ना? ते काम स्टिअरिंगमागचा एक छोटा प्लॅस्टिकचा खटका करतो. बाहेरचं स्टिअरिंग लावलं आणि तो खटका जुळला नाही, तर इंडिकेटर चालूच राहतो.

बाजारातले तीन पर्याय

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, पुण्याची नाना पेठ असो की तालुक्याच्या गावातलं ॲक्सेसरीजचं दुकान, 'स्टिअरिंग बदलायचंय' म्हटलं की साधारण तीन पर्याय समोर येतात.

पहिला, त्याच गाडीच्या टॉप मॉडेलचं स्टिअरिंग. गाडी तीच, पिढी तीच, फक्त बटणं जास्त. मूळ नियंत्रणं सांभाळायची असतील तर हा सगळ्यात कमी जोखमीचा मार्ग. अनेक गाड्यांमध्ये तुमची स्वतःची एअरबॅग नव्या स्टिअरिंगमध्ये जशीच्या तशी बसते. पण 'बसते' आणि 'जुळते' यात फरक आहे. काही एअरबॅगना पेटवणारी कळ एकच असते, काहींना दोन असतात. गाडीच्या एअरबॅग कंट्रोलरला ज्याची सवय आहे तेच लागतं. म्हणून पार्ट नंबर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरा, नवं आवरण चढवलेलं स्टिअरिंग. यात तुमच्याच मॉडेलचा सांगाडा ठेवून वरचा भाग बदलतात. लेदर, कार्बन फायबरसारखं फिनिश, डी-कट आकार वगैरे. तुमची एअरबॅग आणि बटणं मूळ जागी परत बसतात. काम चांगलं असेल तर काहीच गमावलं जात नाही. प्रश्न दर्जाचा आहे. सांगाडा कापून पुन्हा वेल्ड केला असेल, तर अपघाताच्या वेळी तो कसा वागेल हे कोणी तपासलेलं नसतं. ज्या नव्या गाड्यांमध्ये हात स्टिअरिंगवर आहेत की नाही हे कडेतला सेन्सर ओळखतो, तिथे आवरण बदलताना तो सेन्सरही जाऊ शकतो.

तिसरा, युनिव्हर्सल स्पोर्ट्स स्टिअरिंग. हे कोणत्याही गाडीला बसतं, कारण मध्ये 'बॉस किट' नावाचा जोड लावतात. इथे एअरबॅग जातेच. तिच्यासाठी जागाच नसते. मूळ बटणं जातात. शिवाय त्या जोडामुळे स्टिअरिंग छातीच्या आणखी जवळ येतं. रेसच्या गाड्यांमध्ये असं स्टिअरिंग असतं, पण तिथे ड्रायव्हरला अनेक पट्ट्यांनी सीटला बांधलेलं असतं आणि डोक्यावर हेल्मेट असतं. घाटातून गावी जाणाऱ्या कुटुंबाच्या गाडीत यातलं काहीच नसतं.

बटणं कधी चालतात, कधी नाही?

'माझं स्टिअरिंग बसवलं, पण आवाजाचं बटण दाबलं की गाणंच बदलतं,' अशी तक्रार या कामात नेहमीची. त्यामागे साधं कारण आहे.

अनेक गाड्यांमध्ये सगळी बटणं एकाच वायरवर असतात. प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर असतो. बटण दाबलं की वायरवरचं व्होल्टेज ठरावीक प्रमाणात बदलतं आणि म्युझिक सिस्टिम त्यावरून ओळखते की कोणतं बटण दाबलं. बाहेरची सिस्टिम लावली असेल तर तिला ही व्होल्टेजं शिकवावी लागतात. बऱ्याच अँड्रॉइड सिस्टिममध्ये सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण दाबून ते करता येतं.

नव्या गाड्यांमध्ये मात्र बटणांमागे छोटी चिप असते आणि ती डिजिटल संदेश पाठवते. दोन्ही बाजूंची भाषा जुळली नाही तर काहीच चालत नाही. अशा वेळी मध्ये दुभाष्याचं काम करणारा अडॅप्टर लावतात.

क्रूझ कंट्रोलचा मामला आणखी वेगळा. त्याचं बटण बसवलं म्हणजे ती सोय आली असं नाही. इंजिनच्या कंट्रोलरमध्ये ती चालू असावी लागते आणि ब्रेक दाबताच ती बंद होईल अशी जोडणी असावी लागते. 'जुगाड करून देतो' असं कोणी क्रूझ कंट्रोलबद्दल म्हणालं तर नकोच म्हणा.

खरी गडबड : विझवलेला दिवा

गाडी चालू करताना मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद पेटतो आणि विझतो. त्या वेळात कंट्रोलर स्वतःची तपासणी करत असतो. एअरबॅगची जोडणी सुटली, वायर तुटली किंवा चुकीचा भाग बसला, तर दिवा पेटलेलाच राहतो. काही गाड्यांमध्ये अशा बिघाडात कंट्रोलर बाकीच्या एअरबॅगही बंद ठेवू शकतो. म्हणजे स्टिअरिंग बदललं ड्रायव्हरने आणि संरक्षण गेलं शेजारी बसलेल्याचंही.

पेटलेला दिवा गिऱ्हाइकाला आवडत नाही. म्हणून त्याला 'बरा' करण्याच्या युक्त्या बाजारात आहेत. एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावला की कंट्रोलरला वाटतं, एअरबॅग जागेवर आहे. दिवा विझतो, सगळं ठीक दिसतं, पण पॅडखाली काहीच नसतं. त्याहून ओबडधोबड युक्ती म्हणजे दिवाच काढून टाकणं.

हा धोका फक्त गाडी बदलवून घेणाऱ्यापुरता राहत नाही. ही गाडी उद्या सेकंडहँड विकली जाईल. घेणारा दिवा बघेल, समाधान मानेल आणि आपल्या लेकराला शेजारच्या सीटवर बसवून निघेल.

बनावट एअरबॅगचं प्रकरणही काल्पनिक नाही. २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट एअरबॅग बनवणाऱ्यांना पकडलं आणि ९०० हून जास्त एअरबॅग जप्त केल्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएचटीएसएने, स्वस्तातल्या निकृष्ट इन्फ्लेटरबद्दल इशारा दिला. आधी अपघात झालेल्या गाड्यांना दुरुस्तीत असे भाग बसवले गेले होते. पुढच्या अपघातात ते फुटले आणि धातूचे तुकडे ड्रायव्हरच्या छातीत, मानेत, चेहऱ्यावर घुसले. त्यात मृत्यूही झाले.

त्यामुळे 'भंगारातल्या गाडीची ओरिजिनल एअरबॅग आहे, स्वस्तात देतो' हे वाक्य ऐकलं तर थांबा. ती गाडी पाण्यात बुडाली होती का, एअरबॅग आधी उघडून पुन्हा भरली आहे का, हे बाहेरून ओळखता येत नाही.

स्टिअरिंग बदललं नाही, तरी हे वाचा

आपल्याकडे हॉर्नच्या पॅडवर धातूची राजमुद्रा, देवाचं चिन्ह किंवा खड्यांचा चमकता लोगो चिकटवायची पद्धत आहे. पण ते पॅड म्हणजे एअरबॅगचं झाकण आहे. एअरबॅग ज्या वेगाने उघडते, त्याच वेगाने त्यावरची वस्तू चेहऱ्याकडे येते. अमेरिकेत खड्यांचा असाच लोगो अपघातात उडून एका चालकाच्या डोळ्याची दृष्टी गेली आणि २०२४ मध्ये एनएचटीएसएला त्याबद्दल लोकांना सावध करावं लागलं.

शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डवर जिथे एअरबॅग असं लिहिलेलं असतं, तिथल्या गणपतीच्या मूर्तीबद्दलही हेच. श्रद्धेचा प्रश्न नाही, जागेचा आहे. मूर्ती त्या झाकणापासून दूर ठेवली की झालं.

स्टिअरिंग कव्हरही घट्ट बसणारं घ्या. सैल कव्हर वळणावर हातात फिरतं आणि जाड कव्हरखाली बटणं नीट दाबली जात नाहीत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. कलम १८२-अ नुसार नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

'आरसीवर स्टिअरिंगचा रकाना कुठे असतो?' असा युक्तिवाद दुकानात ऐकायला मिळतो. रकाना नसतो हे खरं. पण एअरबॅग ही आता ऐच्छिक सोय राहिलेली नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग बंधनकारक आहे. एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेल्समध्ये शेजारच्या सीटसाठीही ती सक्तीची झाली. नियमानेच बसवलेली वस्तू काढून टाकणं हे सीट कव्हर बदलण्यासारखं किरकोळ काम आहे, असं म्हणणं अवघड आहे.

याआधी बुलबारबाबत असंच झालं होतं. गाडीपुढचा तो लोखंडी कठडा एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा आणतो आणि पादचाऱ्यांनाही धोकादायक ठरतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. रस्त्यावर बुलबार दिसतो, त्यामुळे पोलिसांना कारवाई करता येते. स्टिअरिंगमधली रिकामी जागा दिसत नाही, इतकाच फरक.

विमा आणि वॉरंटीचं गणितही यात आहे. वायरिंग कापलं तर त्याच्याशी जोडलेल्या भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. बदल विमा कंपनीला कळवला नसेल तर गाडीच्या नुकसानीच्या दाव्यावर वाद होऊ शकतो. आणि भारत एनकॅपचे स्टार पाहून गाडी घेतली असेल, तर ते स्टार कारखान्यातून आलेल्या गाडीचे असतात, बदललेल्या गाडीचे नाही.

कायद्याने बदलाला पूर्ण मज्जाव केला आहे, असंही नाही. दिव्यांग चालकांना हाताने चालवायचे ब्रेक-ॲक्सिलरेटर किंवा एका हाताने स्टिअरिंग फिरवायची मूठ बसवता येते. आरटीओची परवानगी घेऊन 'अडॅप्टेड व्हेइकल' म्हणून त्याची नोंद होते. म्हणजे गरज असेल तिथे तपासणी आणि नोंदीचा रस्ता आहे.

मग बदलायचंच असेल तर?

आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. काही गाड्यांसाठी टॉप मॉडेलचं स्टिअरिंग आणि क्लॉक स्प्रिंग सुटे भाग म्हणून मिळतात. महाग पडतात, पण पार्ट नंबर जुळलेले असतात आणि बिल मिळतं.

बाहेर करायचं ठरलं, तर या गोष्टी धरून चाला.

– तुमचीच एअरबॅग परत बसणार का, हे आधी विचारा. उत्तर 'नाही' असेल तर काम तिथेच थांबवा.
– बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय एअरबॅगला हात लावू देऊ नका. वायर काढल्यावरही यंत्रणेत थोडा वेळ वीज साठलेली असते.
– एअरबॅगच्या वायरी आणि कपलर बहुतेक गाड्यांत पिवळ्या रंगाचे असतात. त्या वायरी कापणं, सोलणं, टेप लावून जोडणं नको. कपलर ते कपलर जोडणीच हवी.
– क्लॉक स्प्रिंग मध्यावर लॉक करूनच बसवलेली असावी. चुकली तर पूर्ण वळणावर केबल तुटते.
– मधला नट किंवा बोल्ट टॉर्क रेंचने, कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळलेला असावा.
– काम झाल्यावर स्कॅनर लावून एअरबॅग आणि स्टिअरिंगच्या कोनाची तपासणी करून घ्या.
– गाडी चालू करताना एअरबॅगचा दिवा पेटून विझायला हवा. पेटलेलाच राहिला तरी गडबड, अजिबात पेटला नाही तरी गडबड.
– काम तुमच्या समोर करून घ्या. रेझिस्टरची युक्ती दिव्यावरून कळत नाही, डोळ्यांसमोर जोडलेली एअरबॅगच काय ती खात्री.

हे काम यूट्यूब बघून घरी करू नका. चुकून उघडलेली एअरबॅग समोर वाकलेल्या माणसाला गंभीर जखमी करू शकते.

आणि फक्त आवाज आणि फोनचीच बटणं हवी असतील, तर स्टिअरिंगला हात न लावताही सोय होते. कडेला बसणारे छोटे वायरलेस रिमोट मिळतात. दिसायला तितके भारी नसतील, पण मधल्या पॅडपासून दूर आणि घट्ट बसवले तर एअरबॅगला धक्का लागत नाही.

सेकंडहँड गाडी घेताना स्टिअरिंग मूळ मॉडेलचंच आहे का, हे त्या मॉडेलच्या फोटोशी ताडून बघा. वेगळं असेल तर सौदा पक्का करण्याआधी सर्व्हिस सेंटरमध्ये एअरबॅग तपासून घ्या.

भारतात २०२३ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून जास्त माणसं गेली. एअरबॅग सगळ्यांना वाचवत नाही आणि सीटबेल्टशिवाय ती अर्धीही कामाची नाही. पण अमेरिकेत १९८७ ते २०१७ या काळात समोरच्या एअरबॅगनी ५० हजारांहून जास्त जीव वाचवले, असा तिथल्या सरकारी संस्थेचा अंदाज आहे.

पुढच्या वेळी अशी रील दिसली तर कमेंटमध्ये 'प्राइस?' जरूर विचारा. पण त्याआधी हेही विचारा : 'भाऊ, आधीच्या एअरबॅगचं काय केलं?'